सुप्त कीटकांचा अभ्यास : शस्त्राकडून प्रकाशाकडे

प्रतिकूल ऋतू निभावण्यासाठी अनेक कीटक वाढ थांबवून सुप्तावस्थेत जातात. या अवस्थेचे आधुनिक संशोधन प्रथम शस्त्रक्रियेच्या आधारे उभे राहिले. हार्वर्ड विद्यापीठातील कॅरोल विल्यम्स यांनी १९४६ मध्ये थंडीत ठेवलेल्या सेक्रोपिया पतंगाच्या कोशातील मेंदू दुसऱ्या सुप्त कोशात बसवून त्याची वाढ सुरू करून दाखविली. निष्कर्ष मूलगामी होता. तथापि छेद दिलेल्या कोशाची नैसर्गिक सुप्तावस्था पुढे अभ्यासता येत नाही.

ही उणीव प्रकाशाधारित मापनाने बऱ्याच अंशी दूर केली. कार्बन डायऑक्साइड सुमारे ४.२६ मायक्रोमीटर तरंगलांबीचे अवरक्त किरण शोषून घेतो. या गुणधर्मावर चालणाऱ्या वायुविश्लेषकामुळे एकाच कोशाचे श्वसन दीर्घकाळ नोंदविणे शक्य झाले. येथे किरण कीटकाच्या शरीरावर पडत नाहीत. ते त्याच्या उच्छ्वासातून जातात.

या भेदाचे महत्त्व विल्यम्स व पेरी ॲडकिसन यांच्या १९६४ मधील संशोधनावरून ध्यानात येते. चिनी ओक टसरच्या कोशात मेंदूसमोरील आवरण पारदर्शक असते. त्यातून येणाऱ्या प्रकाशाने दिवसाची लांबी मेंदूस कळते आणि दीर्घ दिवस सुप्तावस्था संपवितात. अर्थात, निरीक्षकाचा दिवाही निरीक्षणाचा विषयच नष्ट करू शकतो. क्ष-किरणांच्या बाबतीत मात्रेचा धोका याहून वेगळा असतो.

म्हणून कीटक जिवंत राहिला, एवढ्यावरून पद्धत निरुपद्रवी ठरत नाही. त्याची सुप्तावस्थाही अभंग राहावयास हवी.