दुहेरी जोडयादीचे मॅक्रो (सी भाषा)

सी या प्रोग्रॅमिंग भाषेत दुहेरी जोडयादी, म्हणजेच डबली लिंक्ड लिस्ट, हाताळण्यासाठी प्रीप्रोसेसर मॅक्रोंचे संच वापरले जातात. सी भाषेत टेम्प्लेटची सोय नसल्याने एरवी प्रत्येक प्रकारच्या विदेसाठी तोच कोड पुन्हा लिहावा लागतो. लिनक्स कर्नलमधील 'लिस्ट.एच' आणि बीएसडी प्रणालींतील 'क्यू.एच' या हेडर फायली ही अशा संचांची प्रसिद्ध उदाहरणे होत. पुढील विवेचन लिनक्समधील पद्धतीचे आहे.

रचना

पाठ्यपुस्तकांतील यादीत नोडच्या पोटात विदा असते. येथे विदेच्या स्ट्रक्चरमध्येच 'लिस्ट_हेड' हा छोटा नोड ठेवतात. त्यात 'नेक्स्ट' आणि 'प्रीव्ह' हे दोनच पॉइंटर असतात. यादी वर्तुळाकार असून तिचा शीर्षनोडही याच प्रकारचा असतो. त्यामुळे नोड काढताना तो पहिला आहे की शेवटचा, हे तपासावे लागत नाही. ही कामे साधी इनलाइन फंक्शनेच करतात.

मॅक्रोची खरी गरज नोडवरून मूळ स्ट्रक्चर शोधताना भासते. विद्यार्थ्याच्या स्ट्रक्चरमध्ये नोड आरंभापासून 8 बाइट अंतरावर असेल, तर 'कंटेनर_ऑफ' हा मॅक्रो नोडच्या पत्त्यातून 8 वजा करून विद्यार्थ्याची नोंद मिळवतो. स्ट्रक्चरचा प्रकार आणि घटकाचे नाव फंक्शनला प्राचल म्हणून देता येत नाही; मॅक्रोला देता येते.

धोके

'लिस्ट_फॉर_ईच_एंट्री' हा मॅक्रो 'फॉर' लूपचे रूप घेतो. लूप चालू असताना नोंदीची स्मृती मुक्त केल्यास पुढचा पत्ता मुक्त झालेल्या जागेतून वाचला जातो. यासाठी पुढची नोंद आधीच जपून ठेवणारा, 'सेफ' प्रत्यय असलेला मॅक्रो आहे. मात्र नाव 'सेफ' असले तरी दुसऱ्या थ्रेडने केलेल्या बदलांपासून तो संरक्षण देत नाही.

दुसरा दोष अधिक फसवा आहे. शोधलेली नोंद न सापडता लूप संपला, तर चल-पॉइंटर 'नल' होत नाही. शीर्षनोडच्या पत्त्यातूनही 8 वजा होतात आणि जेथे विद्यार्थी नाहीच, तेथला पत्ता हाती येतो. कंपायलर याबाबत इशारा देत नाही.

हा चल लूपमध्येच घोषित केल्यास बाहेर वापरता येत नाही. परंतु सी89 मानकात तशी मुभा नव्हती. 2022 मध्ये याच दोषावरील चर्चेतून लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी सी11 मानकाकडे वळण्याचा निर्णय घेतला आणि कर्नलच्या 5.18 आवृत्तीपासून तो अमलात आला.