मुंबईचे अंतरा-ट्रॅपी थर

मुंबई बेटाच्या पश्चिम कडेला मलबार हिलपासून वरळीपर्यंत गेलेल्या टेकड्यांच्या बेसाल्टाखाली आढळणारे गाळाच्या खडकांचे थर. ट्रॅप म्हणजे लाव्हा थिजून बनलेला खडक. दक्षिण ट्रॅपाच्या एकावर एक साचलेल्या लाव्हांच्या मध्ये हे थर सापडतात, म्हणून त्यांना अंतरा-ट्रॅपी म्हणतात. दक्षिण ट्रॅपाची मुख्य उद्‌गिरणे सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वी झाली. मुंबईचे लाव्हे त्यांतील अखेरच्या काळातील होत.

हे थर मुख्यतः पिवळट, करड्या व तपकिरी शेलांचे असून त्यांत काळ्या कार्बनी शेलाचे पातळ पट्टेही आहेत. ते पश्चिमेकडे, म्हणजे समुद्राकडे कललेले आहेत. त्यामुळे त्यांच्या कडा टेकड्यांच्या पूर्व पायथ्याशी, शहराच्या बाजूस, उघड्या पडतात. नागपूरजवळील टाकळी येथील अंतरा-ट्रॅपी थर दक्षिण ट्रॅपाच्या तळाजवळचे आहेत. त्यांत चुनखडक व चर्ट आढळतात आणि ते गोगलगायींच्या जीवाश्मांसाठी प्रसिद्ध आहेत. मुंबईचे थर ट्रॅपाच्या वरच्या भागातील असून त्यांची ख्याती बेडूक व कासव यांच्या जीवाश्मांमुळे आहे.

या थरांचा अभ्यास शहराच्या वाढीबरोबरच सुरू झाला. मुंबई परिसराच्या भूविज्ञानाविषयी जॉर्ज टॉमस क्लार्क यांनी पाठविलेल्या लेखाला १८४७ मध्ये रिचर्ड ओएन यांनी पुरवणी जोडली व तीत येथील चिमुकल्या बेडकाला राना पुसिला हे नाव दिले. पुसिला म्हणजे अगदी लहान. पाण्याचा निचरा करणाऱ्या दारांसाठी वरळीस झालेल्या खोदकामातून आणखी जीवाश्म मिळाले. हेन्री जॉन कार्टर यांनी १८५२ मध्ये मुंबई बेटाच्या भूविज्ञानाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांनी वर्णिलेल्या गोड्या पाण्यातील कासवाचे लेथाय हे जातिनाम डॉ. लेथ यांच्यावरून आले असून, त्या प्रजातीस पुढे कार्टरेमिस हे नाव कार्टर यांच्यावरून मिळाले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे ए. बी. विन यांनी १८६६ मध्ये बेटाच्या रचनेचे वर्णन केले. ओएन यांचा बेडूक राना प्रजातीतील नसल्याचे जी. के. नोबल यांनी १९३० मध्ये दाखविले व इंडोबॅट्राकस ही नवी प्रजाती स्थापन केली. ऑस्ट्रेलियातील काही बेडकांशी तिचे साम्य त्यांना दिसले.

या जीवाश्मांचे महत्त्व त्यांच्या दुर्मिळतेपुरते नाही. बेडूक, कासव व सायप्रिससारखे सूक्ष्म कवचधारी प्राणी गोड्या पाण्यात राहणारे होत. अर्थात एका लाव्ह्याचे पसरणे थांबल्यावर तो निवाला, त्यावर तळी किंवा दलदली तयार झाल्या, त्यांत गाळ साचला आणि जीवसृष्टी पुन्हा रुजली. नंतर दुसऱ्या लाव्ह्याने सर्व झाकून टाकले. उद्‌गिरणे सलग न होता त्यांत दीर्घ खंड पडत होते, हे केवळ बेसाल्ट पाहून सहज कळत नाही. त्या खंडांची नोंद मधल्या शेलात राहिली आहे.

ज्या खोदकामांनी हे थर उजेडात आणले, त्यांच्यामागून आलेल्या रस्त्यांनी व इमारतींनी ते पुष्कळ अंशी झाकले. एकोणिसाव्या शतकातील वर्णने आणि संग्रहालयांत गेलेले नमुने यांना त्यामुळे मूळ पुराव्याचे मोल आले आहे. टेकड्यांच्या पायथ्याशी होणारे पायांचे खोदकामही म्हणूनच भूवैज्ञानिकांच्या दृष्टीने संधी ठरते. पाया भरला गेला की तेथील थर पुन्हा पाहता येत नाही.