लष्करच्या मुलांचे इंजिनिअरिंग कॉलेज

दौलतराव शिंदे यांनी १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली तळ ठोकला आणि त्या छावणीचेच 'लष्कर' झाले. आपली घराणी इथे रुजली ती दरबारच्या नोकरीमुळे. दफ्तर, पागा, शिलेदारी, वैद्यकी, गाणे, पूजा-अर्चा ही आपली कामे. यंत्र आणि बांधकाम यांची विद्या आपल्या घरांत पुष्कळ उशिरा आली.

तिची गरज मात्र संस्थानाला आधीच पटली होती. थोरल्या माधवराव महाराजांच्या कारकिर्दीत दोन फुटी रुळांची ग्वाल्हेर लाइट रेल्वे धावू लागली. तिचा श्योपुरपर्यंतचा फाटा सुमारे २०० किलोमीटरचा होता. १९१६ मध्ये सांक नदीवर तिघऱ्याचे धरण उभे राहिले. पुढच्याच वर्षी पायाखाली पाणी झिरपून ते फुटले आणि खालच्या गावांत मोठी प्राणहानी झाली. सर विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्यासाठी शोधलेले स्वयंचलित दरवाजे नंतर तिघऱ्यालाही लागले. विश्वेश्वरय्या पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकलेले. म्हणजे ग्वाल्हेरच्या पाण्याची काळजी वाहणारी विद्या पुण्याहून आली होती. आपल्या मुलाला ती घ्यायची तर त्याला घर सोडावे लागे.

ही उणीव १९५७ मध्ये भरून निघाली. आदल्या वर्षी मध्यभारत विलीन होऊन मध्य प्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली. दरबार संपला, कचेऱ्या हलल्या. नोकरीवर जगणाऱ्या घरांपुढे मुलांचे काय, हा प्रश्न उभा राहिला. अशा वेळी जिवाजीराव महाराजांनी वडिलांच्या नावाने माधव इंजिनिअरिंग कॉलेज काढले. आजचे माधव इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अँड सायन्स, म्हणजे आपल्या बोलण्यातले 'एम.आय.टी.एस.', ते हेच. गोला का मंदिरजवळचे त्याचे आवार आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे.

आरंभी सिव्हिल, मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकल या तीनच शाखा होत्या. काळच तसा होता. चंबळेवर गांधीसागर बांधले जात होते, भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता, भोपाळला अवजड विद्युत यंत्रे व्हायची होती. त्यामुळे शिक्षणाचा भर ड्रॉइंग बोर्ड, वर्कशॉप आणि सर्व्हेवर असे. कारकुनी अक्षर वळणदार असलेल्या घरांतली मुले तेव्हा टी-स्क्वेअर आणि थिओडोलाइट हाताळायला शिकली.

संस्थेचे पालकत्व बदलत गेले. आधी उज्जैनचे विक्रम विद्यापीठ, १९६४ नंतर जिवाजी विद्यापीठ, पुढे भोपाळचे राजीव गांधी प्रौद्योगिकी विश्वविद्यालय. २००२ मध्ये स्वायत्तता मिळाली आणि अभ्यासक्रम व परीक्षा संस्थेच्या हाती आल्या. आता तर ते अभिमत विद्यापीठ आहे. संगणक आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या शाखांनी जुन्या तिघींना मागे सारले आहे. तरीही वास्तुशास्त्रासह त्या शाखा आजही शिकवल्या जातात, हे विसरू नये.

प्रवेशाची वाटही बदलली. 'मुलाची पी.ई.टी. निघाली का?' हा एके काळी गणपतीच्या आरतीनंतरचा हमखास प्रश्न होता. राज्याची ती परीक्षा गेली, आता बी.टेक.साठी जेईई मेन द्यावी लागते. इथे पालकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आडनाव मराठी असले तरी महाराष्ट्राच्या प्रवेश-प्रक्रियेत आपली मुले परराज्यातली ठरतात आणि त्यांना राज्याच्या कोट्याबाहेरच्या जागांसाठी झगडावे लागते. मध्य प्रदेशात मात्र ती मूळनिवासी आहेत.

पुण्याची ओढ आपल्याला राहणारच, आणि मुलांनी बाहेर जाऊ नये असे आम्ही म्हणत नाही. पण घरे रिकामी होत चालली आहेत आणि वाडे विकले जात आहेत. ज्या शिक्षणासाठी पूर्वी नाइलाजाने गाव सोडावे लागे, ते आज गावातच मिळते. तेव्हा फॉर्म भरण्याआधी मुलांना एकदा गोला का मंदिरच्या त्या आवारात नेऊन आणावे. तिथल्या शाखा, वर्कशॉप आणि नोकऱ्यांची स्थिती समक्ष पाहावी आणि मगच ठरवावे. आणि ज्यांच्या घरी तिथल्या पहिल्या तुकड्यांमधले आजोबा आहेत, त्यांनी त्यांच्या आठवणी आताच लिहून घ्याव्यात. आपल्या घराण्यांचा दरबारी इतिहास बखरींत सापडतो. हा त्यानंतरचा इतिहास अजून कुणाच्या तरी तोंडीच आहे.