घाणेरड्या चादरींतल्या वीस रात्री

अंगातलं जाकीट आधी काढा. तुम्ही १९०० सालच्या हवानात उतरलाय आणि इथला उन्हाळा अंगाला चिकटून बसतो. बंदरावर पाय ठेवताच खारा वारा तोंडावर येतो; त्यात तंबाखूचा वास, भाजलेल्या कॉफीचा वास आणि उघड्या गटाराचाही. खेचरांच्या नाला दगडी फरशीवर खणखणतायत, हमाल स्पॅनिशमध्ये ओरडतायत. तुमच्या बोटीतून उतरलेली स्पेनची तरुण पोरं कामधंदा शोधायला आलीत. गावकरी त्यांच्याकडे काळजीनं बघतात, कारण पीतज्वर नवख्यालाच आधी गाठतो.

तहान लागली असेल. अंगणात पाण्याचा रांजण आहे, त्यातलं घ्या. पाण्यात बारीक अळ्या वळवळताना दिसतील. इथे त्यांचं कुणाला काही वाटत नाही.

आता लास अ‍ॅनिमास रुग्णालयात चला. खाटेवरच्या माणसाचे डोळे पिवळे झालेत, हिरड्यांतून रक्त येतंय आणि उलटी कॉफीच्या चोथ्यासारखी काळी. त्याच्या चादरीला हात लावू नका, असं तुम्हाला चारचारदा बजावतील. रोग कपड्यांतून, अंथरुणातून पसरतो अशी सगळ्यांची खात्री आहे.

तिकडे डॉ. जेसी लाझिअर मात्र चादरीकडे बघतही नाहीत. त्यांच्या हातात काचेची नळी आहे, तोंडाला कापसाचा बोळा. बोळा काढून ते नळी रुग्णाच्या हातावर उपडी धरतात. जवळ या, वाकून बघा. आतली डासाची मादी कातडीवर बसते, सोंड खुपसते आणि तिचं पोट हळूहळू लाल होत फुगतं. पायांवर पांढरे पट्टे दिसतायत ना? ही ज्या अंड्यांतून निघाली, ती डॉ. कार्लोस फिनले यांनी दिलीत. डासच हा रोग पसरवतो, असं हा क्युबाचा डॉक्टर १८८१ पासून सांगतोय. सिद्ध काही होत नव्हतं. आजाराच्या पहिल्या दोनतीन दिवसांत मादीनं रक्त प्यायलं पाहिजे आणि मग सुमारे बारा दिवस थांबलं पाहिजे, तेव्हाच तिचा चावा बाधतो. हे गणित अजून कुणाच्या ध्यानात आलेलं नव्हतं.

ते ध्यानात येण्याची किंमत मोठी होती. लाझिअरचे सहकारी जेम्स कॅरोल यांनी स्वतःला डास चावून घेतला आणि ते मरता मरता वाचले. लाझिअर २५ सप्टेंबरला गेले. वय अवघं चौतीस.

आता नाकाला रुमाल लावा. गावाबाहेरच्या माळावर लाझिअर यांच्या संशोधन पथकाचे प्रमुख वॉल्टर रीड यांनी तंबू ठोकलेत आणि छावणीला लाझिअरचं नाव दिलंय. समोरची लाकडी खोली चौदा फूट बाय वीस फूट. खिडक्या दोनच, त्याही एकाच बाजूला, म्हणजे वारा आरपार जायला नको. आत शेगडी पेटवून मुद्दाम उकाडा केलाय. ३० नोव्हेंबरच्या संध्याकाळी डॉ. रॉबर्ट कूक आणि दोन शिपाई आत शिरतात. चौथे तुम्ही. पेट्या उघडायच्या, रुग्णांच्या उलट्यांनी आणि मळानं बरबटलेल्या चादरी-उशा बाहेर काढायच्या आणि चांगल्या झटकायच्या. पहिलीच पेटी उघडली आणि तुम्ही सगळे तोंड दाबून बाहेर पळालात. मोकळ्या हवेत उभं राहून श्वास घेतलात. आणि मग ते तिघं परत आत गेले.

त्याच चादरी अंगाखाली, त्याच अंगावर. घामानं कपडे भिजलेत, वास डोळ्यांत चुरचुरतोय आणि खाटा कुरकुरतायत. झोप कुणालाच नाही. जरा डोकं दुखलं तरी मनात येतं, लागण झाली वाटतं. सकाळी सगळं पेट्यांत भरायचं, रात्री पुन्हा पसरायचं. अशा वीस रात्री! त्या संपल्यावर तिघंही ठणठणीत होते. पुढे आणखी माणसं याच खोलीत झोपली, त्यांनाही काही झालं नाही.

शेजारची दुसरी खोली स्वच्छ, हवेशीर, अंथरूण वाफेनं निर्जंतुक केलेलं. मधोमध तारेची जाळी. जाळीच्या कुठल्या बाजूला झोपणार ते नीट विचार करून ठरवा, कारण एका बाजूला पंधरा डास सोडलेत. तिथे स्वयंसेवक जॉन मोरान आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून शांतपणे पडलाय आणि डास त्याला चावतायत. पलीकडे दोघं जण तीच हवा घेत झोपले आणि धडधाकट राहिले. नाताळच्या सकाळी मोरान तापानं फणफणला. सुदैवानं वाचला.

या प्रयोगाचे पैसे मोराननं नाकारले होते. डास चावून घ्यायला तयार झालेल्या स्पेनच्या पोरांना मात्र सोन्याच्या नाण्यांत शंभर डॉलर होते, ताप आला तर आणखी शंभर. त्यांच्याकडून त्यांच्याच भाषेतल्या करारावर सही घेतली होती, त्या काळी ही मोठी गोष्ट. तरी खिसा रिकामा असलेल्या पोराची ती सही मला आजही टोचते. पुढच्या वर्षी, १९०१ च्या ऑगस्टमध्ये, अशाच प्रयोगात डास चावून घेतलेली परिचारिका क्लारा मास पंचविसाव्या वर्षी दगावली.

त्याच वर्षी हवानाचे आरोग्य अधिकारी विल्यम गॉर्गस यांची माणसं शहरात दारोदार फिरली. पिंपांवर जाळ्या बसल्या, डासांच्या अळ्या मराव्यात म्हणून साचलेल्या पाण्यावर रॉकेल पडलं आणि वर्ष संपायच्या आत शहरातला पीतज्वर संपला.

आता जाकीट घाला, परत या. आपल्याकडे पीतज्वर नाही, म्हणून तर त्याची साथ असलेल्या देशांतून येणाऱ्या प्रवाशाकडे मुंबईच्या विमानतळावर लशीचा दाखला मागतात. पांढऱ्या पट्ट्यांची ती मादी मात्र आपल्या घरात आहेच. डेंग्यू आणि चिकुनगुन्या तीच पसरवते. तेव्हा आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा: कूलर, पिंपं, कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करा आणि घासून पुसून घ्या.