रिट्रीव्ह, माग आणि पारध

मंडळी, माणच्या फेज थ्रीत बसून आपण दिवसातून शंभरदा डेटा 'रिट्रीव्ह' करतो. हा शब्द इंग्रजीत आला तो शिकारी कुत्र्यांसोबत! निसटलेली शिकार पुन्हा हुडकून काढणं म्हणजे रिट्रीव्ह. 'बीटिंग अराउंड द बुश' मधले बीटर म्हणजे आपले हाकेवाले, झुडपं बडवून सावज उठवणारे.

पण इंग्रजीचंच कौतुक कशाला? आपणही बगचा 'माग काढतो', गिऱ्हाईक 'टप्प्यात' आलं म्हणतो, आणि पगारवाढीसाठी मॅनेजर खुशीत येईपर्यंत 'दबा धरून' बसतो. यातला 'माग' आला संस्कृत 'मार्ग' वरून. मार्गाचा एक जुना अर्थ जनावराची वाट, आणि त्याचं नातं थेट 'मृग' शी. म्हणजे 'द्रुतगती मार्ग' या पाटीतही एक जनावर दडलंय!

'सावज' ची गंमत आणखी वेगळी. मूळ शब्द 'श्वापद', म्हणजे हिंस्र पशू. गुजरातीत आजही सावज म्हणजे सिंह. मराठीत मात्र ज्याची शिकार होते ते सावज.

आता 'पारध'. संस्कृत कोशात शिकारीला 'पापर्द्धि' असा शब्द आहे. पाप अधिक ऋद्धी, पापाची भरभराट. पारध त्यातूनच आली. हे काम करणारे ते पारधी. फास लावून तितर-लावे धरणारे ते फासेपारधी. नावात पाप भाषेनेच घातलं होतं, गुन्हा मात्र कायद्याने घातला. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला, पुढे तो मुंबई इलाख्यातही आला. यादीत जमातीचं नाव असलं की जन्मतःच संशयित. नोंदणी, हजेरी, गाव सोडायला परवानगी. जे जनावरांचा माग काढत, त्यांच्याच मागावर पोलीस! १९५२ मध्ये हा कायदा रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' झाल्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्यप्राण्यांच्या शिकारीवर बंदी आणली. जंगलासाठी ते गरजेचं होतंच, पण पारध्यांचा पिढीजात धंदा गेला आणि संशय तेवढा उरला.

आपण रेझ्युमेत 'बग ट्रॅकिंग' हे कौशल्य म्हणून ऐटीत लिहितो. पारध्यांचं कौशल्यही तेच होतं, फक्त पायांचे ठसे वाचायचे. तेव्हा 'पारधी' ऐकून कुणी पाकीट चाचपलं, तर त्याला १८७१ ची ही गोष्ट जरूर सांगा.