ग्रामसुरक्षा यंत्रणा : एका फोनवर गाव जागं होतं, पण संदेश खरा द्या!

आणे (ता. जुन्नर) : आणे पठारावर आणे, पेमदरा, नळवणे, शिंदेवाडी, आनंदवाडी या गावांतली बरीच वस्ती मळ्यात आहे. रात्री कुणी विहिरीवरची मोटर, केबल उचलत असेल तर आरडाओरडा शेजारच्या मळ्यापर्यंतही पोचत नाही. त्यात कल्याण-नगर महामार्ग जवळ, चोर गाडी घेऊन घाट उतरला की सापडणं अवघड. अशा वेळी ग्रामसुरक्षा यंत्रणा कामी येते.

*यंत्रणा कशी चालते?*
यंत्रणेत नोंद असलेल्या मोबाईलवरून 1800 270 3600 या टोल फ्री नंबरला फोन करायचा. तुम्ही बोललेला संदेश तुमच्याच आवाजात गावातल्या नोंद असलेल्या सगळ्या मोबाईलवर कॉल म्हणून जातो. स्मार्टफोन, इंटरनेट लागत नाही. साध्या फोनवरही कॉल येतो.

*संदेश काय द्यायचा?*
• स्वतःचं नाव आणि गाव
• काय झालं : चोरी, आग, बिबट्याचा हल्ला, अपघात
• नेमकं ठिकाण : वस्ती, मळा, रस्ता
• चोर कोणत्या दिशेने गेले, गाडी कोणती, नंबर दिसला असेल तर तो
घाबरून भराभर बोलू नका. थोडक्यात, स्पष्ट सांगा. लगेच 112 वर पोलिसांनाही कळवा. आणे परिसर आळेफाटा पोलीस ठाण्याच्या हद्दीत येतो.

*हे मात्र करू नका*
ऐकीव गोष्ट, व्हॉट्सअॅपवरचा मेसेज खात्री न करता पुढे देऊ नका. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा येथे मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने 5 जणांचा जीव घेतला. ती माणसं भिक्षा मागून पोट भरणारी होती. मेंढपाळ, मजूर, फेरीवाले आपल्याकडेही येतात. नवखा माणूस दिसला म्हणजे तो चोर नव्हे.

चोरी करताना कुणी समोर सापडलाच तर त्याला धरून ठेवा, हात उचलू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 नुसार त्याला विनाकारण उशीर न करता, जास्तीत जास्त 6 तासांत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. मारहाण केली तर गुन्हा आपल्यावरच दाखल होतो.

*आजच करा*
आपल्या घरातले नंबर यंत्रणेत आहेत का, हे पोलीस पाटील किंवा ग्रामपंचायतीत विचारा. मळ्यात राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या फोनमध्ये दोन्ही नंबर सेव्ह करून द्या.