मॉन्गूस

मॉन्गूस : मुंगूस या प्राण्याचे इंग्रजी नाव. बहुतेक आधुनिक इंग्रजी कोश त्याचे मूळ मराठी ‘मुंगूस’ वा ‘मंगूस’ या रूपात दाखवतात. आज हा शब्द हर्पेस्टिडी कुलातील तीसहून अधिक जातींना सरसकट लावला जातो. आरंभी तो भारतातील मुंगसापुरता होता.

व्युत्पत्ती : हेन्री यूल व ए. सी. बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ (१८८६) या कोशात शब्द तेलुगू मानला आहे. मात्र प्राणिशास्त्रज्ञ जर्डन यांनी ‘मंगूस’ हे रूप दख्खनी व मराठी म्हणून दिल्याचेही तेथेच नमूद आहे. तेलुगूत ‘मुंगिस’, कन्नडमध्ये ‘मुंगिसि’, ‘मुंगुलि’ अशी रूपे आढळतात. प्राकृतातही ‘मंगुस’, ‘मुग्गस’ नोंदलेले असल्याने शब्द मुळात द्राविडी की देशी, हा प्रश्न वेगळा राहतो. इंग्रजीपुरता विचार केल्यास मराठीचा पक्ष बळकट आहे. इंग्रजी उच्चारातील दीर्घ ‘ऊ’ मराठी रूपाशी तंतोतंत जुळतो. तेलुगूत त्या जागी ‘इ’ आहे. संस्कृत ‘नकुल’ व त्यापासून आलेला हिंदी ‘नेवला’ यांचा या शब्दाशी संबंध नाही.

इंग्रजीतील जुना उल्लेख ईस्ट इंडिया कंपनीचा शल्यवैद्य जॉन फ्रायर याच्या १६९८ मध्ये लंडनला छापलेल्या प्रवासवर्णनात सापडतो. फ्रायर मुंबई व सुरत येथे राहिला होता आणि जुन्नरपर्यंत जाऊन आला होता, ही बाब येथे महत्त्वाची ठरते. पोर्तुगीज ‘मंगुस्तो’ व फ्रेंच ‘मांगूस्त’ ही याच शब्दाची भावंडे. शब्द इंग्रजीत थेट आला की पोर्तुगिजांमार्फत, याबाबत कोशकारांत एकमत नाही.

अर्थविस्तार : अठराव्या शतकात हेच नाव ‘मोंगूझ’ या रूपात मादागास्करकडील एका लेमूरलाही मिळाले. त्या जातीच्या शास्त्रीय नावात ‘मोंगोझ’ अजून टिकून आहे. वनस्पतिशास्त्रात लिनीअसने एका झुडपाला ‘ऑफिओऱ्हायझा मुंगोस’ म्हटले. सर्पदंशावर मुंगूस या झुडपाचे मूळ खाते, ही समजूत त्या नावामागे आहे. प्रत्यक्षात नागाच्या विषाला मुंगूस बऱ्याच अंशी दाद देत नाही, ते त्याच्या स्नायूंवरील ग्राहकांच्या वेगळ्या रचनेमुळे.

साहित्य : रडयर्ड किपलिंगच्या ‘जंगल बुक’मधील (१८९४) रिक्की-टिक्की-टावी या मुंगसामुळे शब्द इंग्रजी वाचकांच्या घरोघरी पोचला.

अनेकवचन : ‘गूस’ म्हणजे हंसवर्गीय पक्षी; त्याचे अनेकवचन ‘गीस’. त्या धर्तीवर ‘मॉन्गीस’ असे रूप कधी कधी केले जाते, परंतु दोन शब्दांत ध्वनिसाम्यापलीकडे नाते नाही. प्रमाण अनेकवचन ‘मॉन्गूसेस’.

शास्त्रीय नावे : भारतीय करडे मुंगूस पूर्वी ‘हर्पेस्टिस’ प्रजातीत गणले जाई, आता ते ‘उर्वा’ प्रजातीत धरतात. ‘मुंगोस’ हे प्रजातिनाम मात्र सहाराच्या दक्षिणेस राहणाऱ्या पट्टेरी मुंगसाकडे गेले असून त्या आफ्रिकी प्राण्याचे पूर्ण शास्त्रीय नाव ‘मुंगोस मुंगो’ आहे.